क्रीटला जायचं तर बेदाण्याच्या दिवसांत जा

ग्रीसमधल्या क्रीट बेटावर जायचं असेल तर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला जा. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकी सगळे तुम्हाला मे-जून सांगतील आणि तेही काही चुकीचं नाही, हवा छान असते, डोंगरात फुलं असतात, गर्दी कमी असते, पण त्या दिवसांत तिथल्या बागेत बघण्यासारखं काही नसतं. आणि आपण पडलो सांगली-तासगावची माणसं. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर आपल्यासारखाच बेदाणा वाळत पडलेला असतो हे माहीत असताना नुसतं बीचवर लोळून परत यायचं, मला तरी पटत नाही.

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, मणेराजुरीला बाग आहे. आम्ही दोघं नोकरीमुळं सांगलीत विश्रामबागला राहतो पण फेब्रुवारी-मार्च आला की घरात दुसरा विषय नसतो, शेड, रॅक, डिपिंग, सौदे, आज यार्डात काय निघाला, ढग आलेत का, एवढंच. त्यामुळं परदेशात कुठंतरी जाऊया म्हटल्यावर अप्पांचा पहिला प्रश्न होता, "तिथं शेती आहे का बघायला?" सासूबाई म्हणाल्या, "मला समुद्र पाहिजे आणि जेवायला शाकाहारी मिळालं पाहिजे." नवऱ्याला ट्रेकिंग पाहिजे होतं आणि मला इतिहास. हे सगळं एका ठिकाणी बसवायचं तर क्रीटशिवाय दुसरं नाव माझ्या डोळ्यासमोर आलं नाही.

आता ग्रीस म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना पांढरी घरं आणि निळे घुमट, म्हणजे सँटोरिनीच आठवते. ती सुंदर आहेच, पण छोटी आहे आणि भर सीझनमध्ये क्रूझची जहाजं लागली की गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. तीन-चार बेटं करायची म्हणून लोक निम्मी सुट्टी फेरीबोटीच्या धक्क्यावर बॅगा सांभाळत घालवतात, त्यापेक्षा एकच बेट धरा आणि ते नीट बघा असं माझं स्पष्ट मत आहे. क्रीट ८,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि आपला सांगली जिल्हा साडेआठ हजारांच्या आसपास, म्हणजे अंदाज येईल. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, रुंदी मात्र कुठं ६० तर कुठं जेमतेम १२, आणि मधून अडीच हजार मीटरच्या जवळ जाणारे डोंगर. एवढ्यात समुद्र, दऱ्या, किल्ले, साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे राजवाडे आणि द्राक्षं सगळं आहे.

बागेचंच आधी सांगते.

हेराक्लिओन हे तिथलं मोठं शहर, विमानतळही तिथंच. तिथून दक्षिणेला १५ किलोमीटरवर आर्खानेस नावाचं गाव आहे. दगडी, रंगवलेली घरं, मधे चौक, चौकात झाडाखाली कॉफी घेत बसलेली म्हातारी मंडळी, आणि गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना द्राक्ष आणि ऑलिव्ह. तिथली बेदाण्याची जात सुलतानिना, म्हणजे जगभर जिला थॉमसन सीडलेस म्हणतात तीच. आपली तास-ए-गणेश याच थॉमसनमधून तासगाव तालुक्यात निवडलेली, म्हणजे नातं अगदी जवळचं. क्रीटमध्ये या द्राक्षाची लागवड वाढली ती १९२३ नंतर. त्या साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला आणि स्मिर्ना, म्हणजे आताचं इझमीर, तिकडून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांनी बेदाण्याचं कसब सोबत आणलं. हे वाचून गेलं की ती बाग वेगळी दिसते. घर गेलं, गाव गेलं, पण छाटणी कशी करायची आणि द्राक्ष कसं वाळवायचं हे हातात राहिलं आणि त्यावर माणसं परत उभी राहिली.

रस्त्याच्या कडेला एका शेतात बेदाणा पसरलेला दिसला म्हणून आम्ही गाडी थांबवली. एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची नात काम करत होती, नातीला इंग्रजी चांगलं येत होतं. मी सांगितलं की आम्ही इंडियातून आलोय आणि आमचीही बेदाण्याची बाग आहे, ते तिनं आजोबांना सांगितलं आणि आजोबांनी हातातलं काम ठेवून अप्पांना हाताला धरूनच आत नेलं. पुढचा वेळ कसा गेला कळलं नाही. अप्पा मराठीत विचारणार, मी इंग्रजीत, नात ग्रीकमध्ये, आणि उत्तर तसंच उलट्या वाटेनं परत येणार. थोड्या वेळानं तर मधल्या दोघींची गरजच राहिली नाही, दोघं नुसतं बोट दाखवून बोलत होते.

त्यांच्याकडं घड कापला की पोटॅश आणि ऑलिव्ह तेल घातलेल्या पाण्यात बुडवतात आणि उन्हात पसरतात. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल वापरतो, तत्त्व एकच. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो या पाण्यानं सुटा होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्ह तेल वापरून द्राक्ष वाळवायची ही रीत कोल्युमेला नावाच्या रोमन लेखकानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलीय. फरक पुढं आहे. आपण शेडमध्ये रॅकवर, सावलीत वाळवतो कारण आपल्या बाजाराला हिरवा माल पाहिजे. तिथं सरळ ऊन, त्यामुळं रंग सोनेरी-तपकिरी येतो आणि चव जरा दाट लागते, काकवीकडं झुकणारी.

अप्पांना सगळ्यात नवल वाटलं ते छाटणीचं. आपल्याकडं वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही, त्याला छाटून छाटून वळण लावावं लागतं. तिथं थंडीत पानं गळून वेल आपोआप झोपी जातो, हिवाळ्यात एकदा छाटायचं आणि ऑगस्ट-सप्टेंबरला माल. आजोबांना आपल्या दोन छाटण्या ऐकून खरं वाटेना, त्यांनी नातीला दोनदा विचारायला लावलं. मग अप्पांनी मोबाईलवर आमच्या बागेचा फोटो दाखवला, मांडवाचा, आणि आजोबांनी तो झूम करून करून बघितला. त्यांचे जुने वेल बुटके, कमरेएवढे, झुडपासारखे वाढवलेले, कारण वारा जोरात असतो.

आणि मग एक गोष्ट झाली ती मी मुद्दाम लिहितेय. अप्पांनी पसरलेल्या मालातला मूठभर बेदाणा उचलला, मूठ घट्ट आवळली आणि उघडली. बेदाणे मोकळे सुटले तर माल वाळला, गोळा राहिला तर अजून ओल आहे, आपल्याकडं प्रत्येक बागायतदार हे करतो. अप्पांच्या हातात गोळा राहिला. ते काही बोलायच्या आत आजोबांनी दोन बोटं वर केली, अजून दोन दिवस, आणि आकाशाकडं बघून हात हलवला. पाऊस. सप्टेंबरमधला पहिला पाऊस त्यांना तसाच नडतो जसा आपल्याला मार्चमधला अवकाळी. शेताच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद घडी घालून तयारच ठेवला होता, आपण ठेवतो तसाच. अप्पा गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्यांचा माल घरात गेला म्हणजे बरं."

त्याच रस्त्यानं पुढं पाचेक किलोमीटरवर वाथिपेत्रो म्हणून मिनोअन, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीच्या, काळातला वाडा आहे, तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं द्राक्ष तुडवायचं मातीचं भांडं आणि रस गोळा व्हायची जागा बघायला मिळते. फार लोक जात नाहीत. तुम्ही जा. त्या भागात वाईनरीजही आहेत, विडियानो ही पांढऱ्या द्राक्षाची तिथलीच जात आणि कोत्सिफाली काळ्याची, टेस्टिंगला बसता येतं, फक्त मग गाडी चालवणारा वेगळा पाहिजे.

क्नोसोस. हा राजवाडा हेराक्लिओनपासून ५ किलोमीटरवर, आणि इथं सकाळी उघडताक्षणी जा नाहीतर ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर बसतात. आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं १९०० साली इथं मोठं खोदकाम सुरू केलं, पण त्याच्याआधी १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या तिथल्याच माणसानं पहिलं खणून बघितलं होतं, त्याचं नाव फार कमी घेतलं जातं. इव्हान्सनं काही भाग काँक्रीट वापरून परत उभे केले, लाल खांब वगैरे, आणि त्यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर कळायला सोपं जातं पण खरं कुठलं आणि नवीन कुठलं हे गाईडकडून समजून घ्या. कोठारातले माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण बघा, तेल आणि धान्य साठवायचे, आणि भाजलेल्या मातीचे पाण्याचे पाईप बघा, एक टोक निमुळतं म्हणजे दुसऱ्यात बरोबर बसतं. अप्पा त्या पाईपापाशी खाली बसून बघत होते. मग हेराक्लिओनचं म्युझियम त्याच दिवशी करा, राजवाड्यात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत, बैलावरून उडी मारणाऱ्या माणसाचं भित्तिचित्र तिथंच आहे आणि फाइस्टोस या दुसऱ्या राजवाड्यातली मातीची चकतीही, १९०८ मध्ये सापडलेली, साधारण १६ सेंटीमीटरची, गोल गोल फिरत जाणारी शिक्के मारल्यासारखी चिन्हं, अजून कोणालाही वाचता आलेली नाही. मी त्या काचेपाशी बराच वेळ उभी होते.

समुद्राचं म्हणाल तर पश्चिम टोकाला एलाफोनिसी आणि बालोस ही दोन नावं सगळे घेतात. घरात मोठी माणसं असतील तर एलाफोनिसी करा. पाणी गुडघ्याएवढं, लांबपर्यंत चालत जाता येतं, आणि वाळूत गुलाबी झाक असते ती बारीक समुद्री जीवांच्या कवचांच्या चुऱ्यामुळं. ही वाळू घरी न्यायला बंदी आहे, चिमूटभरसुद्धा नेऊ नका. सासूबाई सलवार-कुर्ता घालून पाण्यात बसल्या आणि दुपारपर्यंत उठल्या नाहीत, कोणी वळूनही बघितलं नाही. अप्पा विहिरीत पोहायला शिकलेले, त्यांना इथं पाणी आपोआप वर उचलतंय हे लगेच जाणवलं, कारण भूमध्य समुद्रात महासागरापेक्षा खारटपणा जास्त आहे. भरती-ओहोटीचा फरकही नगण्य, सकाळी ठेवलेली चप्पल संध्याकाळी तिथंच सापडते. फक्त उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेकडचा वारा सुटतो, तो ज्या दिवशी असेल आणि किनाऱ्यावर लाल झेंडा असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, कितीही लांबून आलेले असलात तरी.

ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी सामारियाची घळ चालावी. आम्ही दोघंच गेलो, अप्पा आणि सासूबाई खानिया या पश्चिमेकडच्या शहरात राहिले. खानियाहून पहाटेची बस ओमालोसच्या पठारावर सोडते, तिथून साधारण १,२०० मीटरवरून समुद्रापर्यंत १६ किलोमीटर उतरायचं, पाच ते सात तास. वाटेत झऱ्याचं पाणी मिळतं, म्हणून एकच बाटली पुरते. मधे सामारिया नावाचं ओसाड गाव लागतं, १९६२ मध्ये नॅशनल पार्क झालं तेव्हा लोकांना तिथून हलवलं, घरं अजून उभी आहेत. पुढं घळ अरुंद होत होत एका जागी जेमतेम तीन-चार मीटरवर येते आणि दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटर सरळ कातळ. तिथं सगळेच आपोआप हळू बोलायला लागतात. खाली आगिया रुमेली गावाला रस्ताच नाही, बोटीनंच बाहेर पडायचं, म्हणून शेवटच्या बोटीची वेळ उतरायला लागायच्या आधी म्हणजे सकाळीच विचारून ठेवा. आपल्याकडं गड चढणाऱ्यांना अंतर जड जाणार नाही पण सतत उतार आहे, मांड्या आणि पायाची नखं बोलतात, बूट चांगले पाहिजेत. घळ मे ते ऑक्टोबर उघडी असते आणि पावसाचा किंवा जास्त उन्हाचा अंदाज असला तर बंद ठेवतात.

खानियात स्वतंत्र एक दिवस द्याच, व्हेनिशियन लोकांनी बांधलेलं बंदर, दीपस्तंभ, मागच्या गल्ल्या. जास्त लिहीत नाही, फोटो सगळीकडं आहेत.

पण स्पिनालोंगाबद्दल लिहायचंय. पूर्वेला एलुंडा किंवा प्लाकाहून बोटीनं जायचं, छोटं बेट, आधी व्हेनिशियन किल्ला आणि १९०३ ते १९५७ कुष्ठरोग्यांची वसाहत. मिरजेला कुष्ठरोगाचं जुनं हॉस्पिटल आहे, सासूबाईंचं माहेर मिरजेचं, त्यामुळं त्यांना हे ऐकीव नव्हतं, लहानपणी लोक कसे दूर सरायचे ते त्यांनी बघितलेलं. आत शिरायला एक बोगदा आहे, त्यातून आत आलेला माणूस परत घरी जात नसे. १९३६ मध्ये एपामिनोंडास रेमुंडाकिस नावाचा कायदा शिकणारा तरुण तिथं रुग्ण म्हणून आणला गेला आणि त्यानं रुग्णांची संघटना उभी केली, स्वच्छता, रस्ते, चुना मारलेली घरं, आपल्या हक्काच्या गोष्टी मागून मागून मिळवल्या. लोकांनी तिथं लग्नं केली, दुकानं चालवली, कॉफीहाऊस चालवलं. औषधं आल्यावर १९५७ ला वसाहत बंद झाली, पण एक धर्मगुरू १९६२ पर्यंत एकटा तिथं राहिला कारण त्यांच्या रिवाजाप्रमाणं मेलेल्यांसाठी पाच वर्षांपर्यंत प्रार्थना करायच्या असतात आणि करणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. सासूबाईंनी त्या स्मशानापाशी हात जोडले. हे ठिकाण सेल्फीसाठी करू नका एवढीच विनंती.

लासिथीचं पठार जमलं तर करा. साताऱ्याला चाळकेवाडीला पवनचक्क्या बघितलेल्या आहेत त्या विजेच्या, इथल्या पांढऱ्या कापडी शिडांच्या आणि विहिरीचं पाणी उपसायच्या, आता फार थोड्या चालू आहेत.

जेवण. शाकाहारी माणसाची क्रीटमध्ये उपासमार होत नाही हे मी छातीठोक सांगते. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षातून पुष्कळ असतात आणि त्यात मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळं भाजी-कडधान्याचे पदार्थ घरोघरी आहेत. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि लिंबू. मोठे पांढरे घेवड्याचे दाणे टोमॅटोत शिजवून भट्टीत भाजलेले, त्याला गिगांतेस म्हणतात. आणि डाकोस, तो तर आम्ही रोज खाल्ला. बार्लीचा दगडासारखा कडक टोस्ट, त्यावर जरासं पाणी शिंपडतात, मग किसलेला पिकलेला टोमॅटो, मिझिथ्रा नावाचं पांढरं ताजं चीज, चुरलेला ओरिगॅनो आणि वरून ऑलिव्ह तेलाची सढळ धार. पाच मिनिटं तसंच ठेवायचं, टोस्ट खालून कुरकुरीत आणि वरून मऊ होतो, मग खायचं. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेले डोलमाडेस पण छान, मात्र मांस आहे का विचारून घ्या, "होरीस क्रेआस" म्हटलं की बिनमांसाचं पाहिजे हे कळतं. आणि हो, घरी येऊन आपल्या बागेतल्या पानांवर हा प्रयोग करू नका, आपल्या पानावर किती फवारण्या झालेल्या असतात ते आपल्याला माहितीय. जेवण झालं की न मागता कलिंगड किंवा काहीतरी गोड आणि छोट्या बाटलीत राकी आणून ठेवतात, द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली दारू, बिलात नसते. घ्यायची नसेल तर हात छातीवर ठेवून नको म्हटलं तरी कोणी रागावत नाही.

दुपारी गावातली दुकानं बंद असतात आणि लोक झोपतात, त्या वेळात आरडाओरडा नको. बहुतेक ठिकाणी टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारी डबा असतो, पाईप बारीक असतात म्हणून.

गाडी भाड्यानं घ्याच, बस मोठ्या गावांमधे चांगल्या आहेत पण आर्खानेसच्या पुढच्या बागा बसमधून दिसत नाहीत. इंटरनॅशनल परमिट आपल्या सांगलीच्या आरटीओतच मिळतं, एक वर्ष चालतं, मूळ लायसन्सही सोबत ठेवायचं. तिथं उजव्या बाजूनं चालवायचं, आणि उत्तर किनाऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर हळू जाणारी गाडी कडेच्या पट्ट्यावर सरकून मागच्याला जागा देते, तसं तुम्हीही सरका. डोंगरात वळणावर शेळ्या असतात.

व्हिसा शेंगेनचा, मोठ्यांची फी ९० युरो अधिक सेंटरचे चार्जेस, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईला गेलो आणि काम करून परत आलो. शेतकऱ्याच्या अर्जात सातबारा, बँक स्टेटमेंट आणि बेदाणा विकल्याच्या पट्ट्या नीट लावा, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा, उत्पन्न कुठून येतं ते स्पष्ट दिसलं पाहिजे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऑगस्टच्या शेवटी निघायचं तर मार्च-एप्रिलचे सौदे आटोपले की मे महिन्यातच अपॉइंटमेंट घ्या, कारण जून-जुलैत तारखा मिळत नाहीत आणि तोपर्यंत खरड छाटणीनंतरची बागेतली कामंही मागं लागलेली असतात.